दावणीला जेवढ्या, डोंगरावर तेवढ्या

हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या गोठ्यात पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात गावाच्या वरच्या कुरणावर पाठवायच्या. एकही जास्त नाही. स्वित्झर्लंडमधल्या ट्योरबेल नावाच्या डोंगरी गावाने हा नियम १५१७ साली लिहून ठेवला. इतकी वर्षं टिकलेले कायदे जगात थोडे, आणि त्यातले इतके छोटे तर फारच थोडे. या गावाचा स्वभाव समजून घ्यायचा तर याच नियमापासून सुरुवात करावी, कारण गावाचं पाणी, जंगल, घरं, लग्नं आणि भाकरी या सगळ्यांच्या मुळ्या फिरून फिरून याच्यापाशीच येतात.

ट्योरबेल दक्षिणेकडच्या वालिस राज्यात आहे. मॅटरहॉर्नचं शिखर बघायला झरमॅटला जाणारे आपले पर्यटक फिस्प स्टेशनात लाल डोंगरी गाडीत बसतात. पहिल्या काही मिनिटांतच श्टाल्डन येतं. तिथे दरीला दोन फाटे फुटतात, एक झरमॅटकडे आणि दुसरा सासकडे. श्टाल्डनची उंची आठशे मीटर. उजव्या हाताच्या उतारावर, आणखी सातशे मीटर वर, उन्हाकडे तोंड करून ट्योरबेल बसलं आहे. वस्ती पाचशेच्या आसपास. गावची माणसं आपल्या बोलीत त्याला ‘टेर्बिल’ म्हणतात. गाडीतून ते नजरेत भरत नाही, आणि भरलं तरी कुणी त्यासाठी उतरत नाही. पण सामायिक संपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात हे नाव झरमॅटपेक्षा मोठं आहे.

स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांपुढे ओलं हिरवं गवत येतं. ही दरी तशी नाही. उत्तरेला बर्नच्या आल्प्सची भिंत, दक्षिणेला इटलीच्या सीमेवरची त्याहून उंच रांग. दोन्हीकडचे ढग आपापल्या बाजूला रिते होतात आणि मधली दरी पर्जन्यछायेत कोरडी राहते. श्टाल्डनच्या परिसरात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, देशातल्या सगळ्यात कमी पावसाच्या जागांपैकी ही एक. त्यात उतार तीव्र, ऊन थेट, वारा सुकवणारा. पाटाचं पाणी नसेल तर या उतारावर गवत एकदाच कसंबसं कापता येतं आणि जुलैत सगळं पिवळं पडतं. म्हणजे हिवाळ्यात गाय पोसायची तर वैरण हवी, वैरणीला पाणी हवं, पाण्याला पाट हवा. पाट काढणं एकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. इथून पुढे गाव सुरू होतं.

गावाची शेती उंचीप्रमाणे थर लावल्यासारखी होती. सगळ्यात खाली, दरीच्या ऊबदार कडेला द्राक्षाचे मळे. त्यावर भाज्यांचे वाफे आणि राईची शेतं. ही राई म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य. गावाच्या भोवती आणि वर पाटावर भिजणारी गवताची रानं. त्याच्यावर लार्च आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं जंगल. जंगलाची रेघ संपली की दोन हजार मीटरच्या वर आल्प, म्हणजे उन्हाळी कुरण. एकाच कुटुंबाला या प्रत्येक थरात थोडं थोडं काहीतरी लागायचं. त्यामुळे एकेका घराचे तुकडे डोंगरभर विखुरलेले, आणि वर्षभर माणसं खालून वर, वरून खाली चढ-उतार करत राहायची. कागदावर हा तुकडेपणा वेडगळ दिसतो. पण एका पट्टीवर गारा पडल्या, दुसरीवर कडाका पडला, तरी तिसरी वाचते. पाऊस आणि थंडीची खात्री नसलेल्या मुलखात धोका असा वाटून घेतला जातो.

गावाच्या जमीनव्यवहारांचे लेखी कागद १२२४ पासूनचे आहेत. पण महत्त्वाचा दिवस १ फेब्रुवारी १४८३. त्या दिवशी गावकऱ्यांनी आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांचा वापर नीट बांधून घेण्यासाठी एक संघ स्थापन केला आणि त्याच्या दस्तऐवजावर संमती दिली. त्यातलं सगळ्यात कठोर कलम परक्यांबद्दल आहे. बाहेरच्या माणसाने ट्योरबेलमध्ये जमीन विकत घेतली, तरी त्याला सामायिक कुरणावर जनावर चारण्याचा किंवा जंगलात लाकूड तोडण्याचा हक्क मिळणार नाही. जमीन पैशाने मिळेल, गावकी मिळणार नाही. परक्याला आत घ्यायचं की नाही, हे आधीपासून हक्क असलेले गावकरी ठरवणार. पुढे १५०७ च्या एका यादीत सामायिक जमिनीच्या हद्दी लिहिल्या गेल्या. कुणाचं आणि कुठवर, हे दोन प्रश्न आधी मिटवले. मग दहा वर्षांनी, १५१७ मध्ये, तिसरा मिटवला: किती.

या ‘किती’चं उत्तर म्हणजे तो हिवाळ्याचा नियम. त्याचं गणित मांडून बघितल्याशिवाय त्यातलं शहाणपण दिसत नाही. वर आल्पवर जनावरं जूनच्या मध्याच्या सुमाराला चढतात आणि सप्टेंबरात उतरतात. शंभर दिवसांच्या आत-बाहेर. उतरल्यावर आणि चढण्याआधी काही दिवस गावाजवळच्या रानात चरतात. उरलेले सुमारे दोनशे दिवस गाय गोठ्यात, दावणीला. जुन्या छोट्या चणीच्या डोंगरी गाईला दिवसाला दहा-बारा किलो वाळलं गवत धरलं, तर एका गाईला हिवाळाभर दोन ते अडीच टन वैरण लागते. हे गवत स्वतःच्या रानात, विळ्या-कोयत्याने कापून, उन्हात उलटून-पालटून वाळवून, गठ्ठे बांधून पाठीवर किंवा खेचरावर आणून कोठारात भरायचं. ज्याच्याकडे दोन गाईंपुरती वैरण, त्याला दोनच गाई वर धाडता येणार.

आता नियम नाही असं धरा. ज्याच्या हातात पैसा आहे तो जूनमध्ये खालच्या बाजारातून वीस गाई विकत आणेल, शंभर दिवस गावाच्या फुकट गवतावर चारेल, दूध-चीज काढून घेईल आणि सप्टेंबरात धष्टपुष्ट गाई विकून मोकळा होईल. हिवाळ्याचा भार शून्य. त्याचं बघून दुसरा तेच करेल, आणि चार-पाच उन्हाळ्यांत कुरणाची माती उघडी पडेल. या उंचीवर एकदा गवताची मुळं तुटली की पावसाचं पाणी चर पाडतं, आणि तो चर भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सामायिक कुरणाचं हे असंच होणार, असं ठामपणे मांडलं होतं. त्याच्या चित्रात कुरण सगळ्यांना मोकळं आहे आणि चारणारे एकमेकांशी बोलत नाहीत. ट्योरबेलचं कुरण मोकळं नव्हतं, आणि माणसं साडेचारशे वर्षं आधीच बोलून बसली होती.

नियमाचं बळ त्याच्या सोपेपणात आहे. माणशी इतक्या गाई, असा आकडा घातला असता तर तो दर पिढीला भांडणाचं मूळ झाला असता. इथे आकडाच नाही. ज्याची वैरण जास्त त्याच्या गाई जास्त, पण वैरण जास्त म्हणजे घाम जास्त, पाण्याचा वाटा जास्त, रान जास्त. वैरण तपासायला मोजमाप करणारा अधिकारीही लागत नाही. कुणाच्या कोठारात किती गवत गेलं आणि मार्चमध्ये कुणाच्या दावणीला किती गाई उभ्या आहेत, हे अख्ख्या गावाला दिसतं. वरच्या कुरणाची ताकद मोजणं अवघड, म्हणून त्यांनी खालच्या गवताला माप केलं. दोन्ही एकाच डोंगराचे, एकाच हवामानाचे. साल वाईट गेलं की खाली वैरण कमी होते आणि पुढच्या उन्हाळ्याला वर चढणाऱ्या गाई आपोआप घटतात.

तरी कुणी चोरून जास्त गाई धाडल्याच तर? त्यासाठी गावातलाच एक माणूस नेमलेला असे. त्याला ‘गेवाल्टहाबर’ म्हणत, म्हणजे अधिकार हाती असलेला. तो दंड करायचा आणि दंडातली निम्मी रक्कम स्वतः ठेवायचा. राखणदाराला पगार परवडत नाही अशा गरीब गावाने काढलेली ही वाट होती: राखण करण्यातच राखणदाराचा फायदा. आल्पच्या संघाची वर्षातून एकदा सभा भरे. गुराखी आणि चीज करणारा यांना कामावर घेणं, कुरणावर शेण पसरवण्याची व्यवस्था, हिमलोटाने मोडलेल्या वाड्या आणि झोपड्या पुन्हा उभ्या करणं, वाटा दुरुस्त करणं, हे सगळं तिथे ठरे. शेणाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण गाई झोपडीजवळच घुटमळतात आणि सगळं शेण तिथेच साचतं. तिथे मग गवत जाऊन जनावर तोंड लावत नाही असं रानपालकासारखं तण माजतं, आणि लांबचं कुरण मात्र उपाशी राहतं. म्हणून शेण उचलून पसरवणं हा कामाचा भाग. श्रमदानाचा वाटाही गाईंच्या संख्येवर. ज्याच्या गाई जास्त, त्याचे कामाचे दिवस जास्त. दूध एकत्र तापवून चीज व्हायचं, आणि हंगाम संपला की ज्याच्या गाईंनी जेवढं दूध दिलं त्या हिशेबात चीजच्या चकत्या वाटल्या जायच्या.

जंगलाची वाटणी मला याहून सुंदर वाटते. कोणती झाडं तोडायची ते गावाचे कारभारी खुणा करून ठरवत. हक्क असलेली कुटुंबं टोळ्या करत, सगळे मिळून झाडं पाडत, ओंडके ओढून आणत आणि त्यांचे शक्य तितके सारखे ढीग रचत. मग चिठ्ठ्या. जो ढीग नशिबाला येईल तो आपला. ढीग रचताना आपल्या हाताखालचा ढीग कुणाच्या घरी जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे एका ढिगात गाठीचं, वाकडं लाकूड ढकलून देण्यात कुणाचाच फायदा नाही. या दिवसांखेरीज जंगलात कुऱ्हाड न्यायची नाही. गावाच्या वरचं जंगल म्हणजे नुसतं सरपण नव्हे, हिमलोट आणि दरडी अडवणारी ती भिंत आहे. सरकारचा डोंगरी जंगलांचा कायदा १८७६ मध्ये आला, पण कुठलं झाड उभं राहिलं पाहिजे हे या उतारावरच्या माणसांना त्याआधी कितीतरी शतकं कळत होतं.

आता पाणी. वालिसमध्ये डोंगराच्या कडेकडेने नेलेल्या पाटांना जर्मन बोलीत ‘सुओन’ म्हणतात. वर बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्याला बांध घालायचा, आणि तिथून अगदी मंद उतार धरून पाणी गावाच्या रानापर्यंत आणायचं. उतार जास्त झाला तर पाणी पाटाचा तळ खरवडतं. कमी झाला तर गाळ बसून पाट भरतो. वालिसमध्ये जिथे माती आहे तिथे चर खणलेला, जिथे उभा कडा आहे तिथे खडकात खुंट्या ठोकून लाकडी पन्हाळी टांगलेली. हिमनदीच्या पाण्यात दगडाचं पीठ असतं, दुधट रंगाचं. ते पाटाच्या तळात बसून भेगा लिंपत जातं. स्वच्छ झऱ्याच्या पाण्याचा पाट जास्त गळतो, गढूळ पाण्याचा कमी; पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण पाट राखणाऱ्याला गढूळ पाणीच आवडतं.

पाट बिघडतो तो बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने. लार्चच्या सुया आणि पाचोळा एका वळणावर अडकतो, पाणी काठावरून उसळतं, खालची माती भिजते, आणि एका रात्रीत पाटाचा अख्खा तुकडा दरीत जातो. उंदीर-चिचुंद्र्यांची बिळं काठ पोखरतात. लाकडी पन्हाळी कुजतात. हिवाळ्यातले दगड त्यांवर कोसळतात. म्हणून वसंतात पाणी सोडण्याआधी सगळ्या हिस्सेदारांनी मिळून पाट साफ करायचा, आणि पाणी चालू झाल्यावर एक पाटकरी रोज त्याच्या काठाने चालायचा. वालिसच्या काही पाटांवर एक साधी युक्ती आहे. पाण्याने फिरणारं छोटं चाक, आणि त्याच्या दांड्याने उचलला जाऊन फळीवर आपटणारा लाकडी हातोडा. ठक ठक ऐकू येतंय तोवर पाणी चालू. आवाज थांबला की रात्री-अपरात्री उठून जायचं.

पाणी गावापर्यंत आलं की पाळ्यांचा प्रश्न. शेतकरी घरातल्या मराठी वाचकाला पाणीपाळी आणि दारं धरणं समजावून सांगायला नको. इथे दारं धरायची रीत थोडी वेगळी होती: पाटात सपाट दगड किंवा पत्रा आडवा घालायचा, पाणी तुंबून काठावरून आपल्या रानात चादरीसारखं पसरू द्यायचं, आणि खोऱ्याच्या फटकाऱ्याने त्याला इकडेतिकडे वळवायचं. इतक्या तीव्र उतारावर धार एका जागी सोडली तर माती घेऊनच खाली जाईल. पाळी तासांची, आणि घड्याळं नव्हती तेव्हा अमुक कड्यावर ऊन पोचलं की पाळी सुरू, तमुक खडकावरून सावली सरली की संपली. कुणाची किती पाळी हे वरच्या वालिसमध्ये लाकडावर लिहिलेलं असे. ‘टेसल’ नावाच्या त्या काठ्यांवर एका बाजूला कुटुंबाची खूण कोरलेली, म्हणजे दोन रेघा, एखादा त्रिकोण, कावळ्याचा पाय असं काहीतरी. दुसऱ्या बाजूला हक्काच्या खाचा: पूर्ण, अर्धा, पाव. न वाचता येणाऱ्यालाही ती काठी वाचता यायची, आणि भिजली तरी शाई फुटायची नाही.

१९७०च्या दशकात रॉबर्ट नेटिंग हा अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ट्योरबेलमध्ये राहून अभ्यास करत होता. पाण्याच्या पाळ्यांचं पूर्ण वेळापत्रक त्याने लोकांना विचारलं, तर ते सबंध कुणालाच सांगता येईना. प्रत्येकाला आपली पाळी ठाऊक, आपल्या आधीचा कोण आणि नंतरचा कोण ते ठाऊक. बस. मधून कुणी पाणी चोरलं तर नंतरचा माणूस पाटावर उभाच असतो. ही व्यवस्था वहीत नव्हती, माणसामाणसांत होती. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या पारंपरिक सिंचनाचा अमूर्त वारशात समावेश केला, त्यात स्वित्झर्लंडही आहे. त्याच वेळी आल्पच्या उन्हाळी हंगामालाही ती मान्यता मिळाली.

नेटिंगला पडलेला दुसरा प्रश्न अधिक खोल होता. हेच लोक, हाच डोंगर. मग गवताचं रान, राईचं शेत, द्राक्षमळा, वाफा हे सगळं खाजगी, अगदी टीचभर तुकड्यांपर्यंत, आणि आल्प, जंगल, पडीक, पाट, वाटा मात्र सामायिक, असं का? स्वभावाने हे लोक समाजवादी होते म्हणून नाही, आणि भांडवलदार होते म्हणूनही नाही. ज्या जमिनीचं एकरी उत्पन्न कमी, जिचा भरवसा कमी, जिच्यात मेहनत ओतून उत्पन्न फारसं वाढत नाही, जी मोठी असेल तरच उपयोगाची, आणि जिच्यासाठी बांधकाम करायला पुष्कळ माणसं लागतात, ती सामायिक. याच्या उलट सगळं खाजगी. आल्पचा तुकडा करून एकेकाला दिला तर एका वर्षी एकाच्या तुकड्यावर जुलैतही बर्फ असेल, दुसऱ्याच्या तुकड्यात पाणीच नसेल, आणि प्रत्येकाला वेगळा गुराखी ठेवावा लागेल. राईच्या पट्टीचं मात्र तसं नाही. ओतलेला घाम त्याच पट्टीत परत मिळतो. त्या तीव्र पट्ट्यांची माती दरवर्षी घसरून खाली येई, म्हणून वालिसमध्ये वसंतात शेताच्या तळाची माती पाठीवरच्या टोपलीत भरून वर नेऊन टाकायची रीत होती. परक्याच्या शेतासाठी कोण असं करेल? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉमने पुढे सामायिक संपत्ती टिकवणाऱ्या समाजांचा जो अभ्यास मांडला, त्यातलं ट्योरबेल हे ठळक उदाहरण, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

खाजगी मालमत्तेची वाटणी इथे मुलगे आणि मुली यांच्यात सारखी व्हायची. वाटे आधी सारखे करायचे आणि मग चिठ्ठ्या, जंगलासारखंच. याची पराकाष्ठा घरांमध्ये दिसते. वालिसची जुनी घरं लार्चच्या चौकोनी ओंडक्यांची, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेली, उन्हाने काळी पडलेली. खालचा मजला एका भावाचा, वरचा बहिणीचा, माळा चुलत्याचा, गोठ्यात निम्मी दावण याची, निम्मी त्याची. मजल्यागणिक मालकी आज फ्लॅटमुळे आपल्याला सवयीची आहे. स्विस दिवाणी कायद्याने ती पूर्ण रूपात १९६५ मध्ये स्वीकारली. वालिसची खेडी त्याआधी शतकानुशतकं तशीच राहत होती.

राईचं कोठार वेगळं. त्याला चार-सहा खुरटे लाकडी पाय, आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर एक रुंद गोल चपटा दगड. त्या दगडावर कोठार टेकलेलं. उंदीर पायावरून चढतो, पण दगडाच्या खालून बाहेर येऊन उलटं लटकत काठ ओलांडणं त्याला जमत नाही. कोठाराला लावलेली शिडी मात्र काढून ठेवायला विसरायचं नाही, नाहीतर दगड असून नसल्यासारखा.

या राईची भाकरी, म्हणजे पाव, हे गावाचं खरं अन्न. भट्टी सामायिक, आणि ती वर्षातून मोजक्याच वेळा पेटायची, कारण थंड पडलेली दगडी भट्टी तापवायला ढीगभर लाकूड लागतं. पहिल्या घाण्याला सगळ्यात जास्त लाकूड, पुढच्यांना कमी. म्हणून एकदा पेटली की सगळ्या घरांनी लागोपाठ भाजून घ्यायचं. राईच्या पिठाला गव्हासारखा चिवट ताण नसतो. शिवाय भाजताना ज्या तापमानाला राईची पिष्टं फुलतात, त्याच तापमानाला पिठातली पाचकद्रव्यं जोरात असतात आणि ती पिष्टं मोडून टाकतात. मग आतला गर चिकट, ओलसर राहतो. उपाय एकच, आंबवण. आधीच्या कणकेतलं आंबट विरजण घालून पीठ रात्रभर आंबू द्यायचं. आंबटपणाने त्या पाचकद्रव्यांना लगाम बसतो. मग गोल चपटे उंडे, वर पिठाची भुरभुर, आणि फुगताना त्या पिठाला भेगा पडल्या की भट्टीत घालायचे. असा पाव शिडीसारख्या मांडणीवर, पाव एकमेकांना न टेकवता, वारा खेळेल अशा जागी उभा ठेवला की महिनोन्महिने टिकतो. दगडासारखा होतो, पण बुरशी येत नाही. वालिसच्या राईच्या पावाला २००४ पासून भौगोलिक नावाचं संरक्षण आहे: किमान नव्वद टक्के राई, आणि धान्य वालिसमधलंच.

या सगळ्याची किंमत होती, आणि ती लपवून हे गाव गोड करून सांगणं मला बरोबर वाटत नाही. डोंगर वाढत नाही. माणसं वाढली तर वाटे लहान होतात. म्हणून लग्नं उशिरा, कितीतरी माणसं जन्मभर बिनलग्नाची, आणि कित्येक गाव सोडून जायची. मुलींना जमीन सारखी मिळे, पण सभेत हात वर करण्याचा हक्क नव्हता. मोसआल्पची खिंड ओलांडली की पलीकडच्या उताराला ब्युर्शन आणि त्याला लागून उंटरबेख हे गाव. स्त्रियांवर नागरी संरक्षणाची सक्ती घालावी का, या प्रश्नावर ३ मार्च १९५७ रोजी देशात मतदान होतं, आणि ते फक्त पुरुषांचं. उंटरबेखच्या ग्रामपंचायतीने वरच्या सरकारचा विरोध न जुमानता आपल्या स्त्रियांनाही मत देऊ दिलं. चौऱ्याऐंशींपैकी तेहतीस जणी आल्या. पहिलं मत काथारिना झेनहॉयझर्न यांचं. त्यांच्यासाठी पेटी वेगळी होती आणि ती मतं मोजणीत धरली गेली नाहीत. वालिसमध्ये हा हक्क १९७० मध्ये मिळाला, देशभर १९७१ मध्ये.

आत कोण आणि बाहेर कोण, हा १४८३ चा प्रश्न स्विस व्यवस्थेत अजून जिवंत आहे. वालिसच्या गावात दोन संस्था शेजारी शेजारी चालतात. एक सगळ्या रहिवाशांची ग्रामपंचायत: रस्ते, शाळा, कर. दुसरी ‘बुर्गर’ लोकांची, म्हणजे मूळ गावकऱ्यांची. जंगल आणि आल्प बहुतेक तिच्याकडे. स्विस नागरिकत्वही तीन पायऱ्यांचं, आधी गावाचं, मग राज्याचं, मग देशाचं. पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं. झुरिकमध्ये जन्मून तिथेच म्हातारा झालेला, ट्योरबेलला कधीच न राहिलेला माणूसही पासपोर्टप्रमाणे ट्योरबेलचा असू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहून ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला गावाचं नाव सांगणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच उमजेल. फरक एवढाच की तिथे ते सरकारी कागदावर आहे. आणि २०१३ पर्यंत लग्न झालेल्या स्त्रीला तिथेही नवऱ्याचं मूळ गाव चिकटत होतं.

१८९० मध्ये फिस्पहून श्टाल्डनपर्यंत रेल्वे आली, १८९१ मध्ये ती झरमॅटला पोचली. त्यानंतर फिस्पला लोंझा कंपनीचा रसायनांचा कारखाना उभा राहिला. डोंगरावरच्या गावांतले पुरुष पाळीवर कामाला खाली जाऊ लागले आणि परत येऊन गवत कापू लागले. पगार हातात आला आणि गाय हा एकच आधार राहिला नाही. आधी राईची शेतं गवताला गेली, मग लांबची गवताची रानं पडीक झाली. बऱ्याच पाटांची जागा नळांनी आणि तुषारांनी घेतली. गाईंच्या जागी कितीतरी घरांत मेंढ्या आल्या. या भागातली काळ्या तोंडाची, लांब लोकरीची मेंढी कामावर जाणाऱ्या माणसालाही सांभाळता येते, दोन वेळा धार काढायला घरी थांबावं लागत नाही.

वर आल्पवर आता धोका उलट्या बाजूने येतो. जनावरं कमी पडली की पहिल्या काही वर्षांत उंच गवत न खाल्लेलं राहतं आणि हिवाळ्यात बर्फाखाली आडवं होतं. त्या निसरड्या थरावरून बर्फ सहज घसरतो आणि माती ओरबाडून नेतो. मग बुटकी झुडपं पसरतात, त्यांच्या आडोशाला लार्चची रोपं उगवतात, आणि काही दशकांत कुरण उरत नाही. म्हणून स्विस सरकारने प्रत्येक आल्पसाठी जनावरांचा आकडा ठरवून दिला आहे. एका मोठ्या जनावराने शंभर दिवस चरणं हे त्याचं एकक. आकड्यापेक्षा फार जास्त जनावरं चारली तर अनुदान कापतात, आणि फार कमी चारली तरीही कापतात. १५१७ च्या कलमात फक्त वरची मर्यादा आहे. खालची लिहून ठेवावी, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.